छप्पर न घेणारं वारूळ

लाकडाच्या टालात आऱ्याखाली भुसा किती पडून राहिला, हे रोज झाडताना कळत नाही. मग एक दिवस सगळं साफ करायला घ्यावं, तर कमरेइतका ढीग निघतो आणि आपण म्हणतो, एवढं लाकूड आपण कापलं तरी कधी? किश्श्यांचं तसंच आहे. पांढुर्ण्याला आमच्या टालासमोरच्या बाकावर रोज तीन-चार माणसं बसत. चहा येई, एखादी गोष्ट निघे, लोक हसत आणि धोतर-पँट झटकून उठून जात. त्या वेळी कोणाला वाटलं होतं, की हे सगळं कुठं तरी जमा होऊन राहिलं आहे! आता पाहतो तर ढीग डोक्याच्या वर गेला. त्यातले फक्त एका वारुळाच्या आसपासचे सांगतो. सगळे सांगायला बसलो तर चहा पुरणार नाही.

माझा धंदा संत्र्याच्या पेट्यांचा. आऱ्यावर, म्हणजे मोठ्या करवतीवर, सलईच्या फळ्या चिरायच्या, पेट्या ठोकायच्या आणि बागवाल्यांना, व्यापाऱ्यांना द्यायच्या. आत तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरून संत्रा भरला की पेटी रेल्वेनं थेट दिल्ली. मी शाळा सातवीनंतर सोडली, पण लाकूड हातात घेतलं की ते कोणत्या डोंगराचं आहे ते सांगतो. निदान सांगतो तरी ठासून. बरोबर आहे की नाही, ते डोंगराला विचारायला कोण जाणार?

ऐंशीनंतर धंदा वाढला, म्हणून सौंसर रोडला नवीन जागा घेतली. जागा चांगली, सपाट, ट्रक आत वळेल अशी. कडेला एक जुनं घर होतं, तिथंच आम्ही राहायला आलो आणि बाकही बरोबर आणला. फक्त ऐन मध्यभागी माझ्या खांद्याला लागेल एवढं एक वारूळ उभं होतं. पुस्तकात जिला वाळवी म्हणतात, तिला आम्ही उधई म्हणतो. आता लाकडाचा व्यापारी मी, आणि माझ्या अंगणात उधईचा किल्ला. लोक येऊन विचारत, "काऊन मधूभाऊ, पार्टनर केला का?"

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कमलनं, जागा पाहायला आली त्याच दिवशी वारुळाला हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "अगं, हे आपलं लाकूड खातीन." ती म्हणाली, "ते आपल्या आधीपासून इथं रायते. भाडं तुमीच त्याले द्याले पायजे."

झालं. त्या दिवसापासून मी आपल्याच टालात भाडेकरू.

* * *

बाकावरची माणसं सांगतो, म्हणजे पुढं घोटाळा नको.

एक कोल्हे गुरुजी. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत, राहायला पांढुर्ण्यात. संध्याकाळच्या बसनं उतरले की घरी जायच्या आधी बाकावर. दुसरे वामनराव, मोहगावकडचे संत्रावाले, बाग मोठी आणि तोंड त्याहून मोठं. तिसरा जंगलखात्याचा नाकेदार, रिवाकडचा, मराठी समजे पण बोले हिंदीत. आणि चौथा मी, जो चहाचे पैसे देई.

आणि पाचवा माणूस बाकावर कधी बसला नाही, पण सगळ्या गोष्टी त्याच्यामुळंच घडल्या. दिल्लीचे लालाजी. माझ्या निम्म्याहून जास्त पेट्या एकटे उचलत. लालाजी खूश, तर आरा चालू. लालाजी नाराज, तर ठोकणारी सगळी माणसं घरी.

त्या वर्षी दिवाळीनंतर आंबिया बहाराचा संत्रा तुटायला लागला, पहिली वॅगन गेली आणि चार दिवसांनी ट्रंककॉल आला. दिल्ली स्टेशनवर हमालांनी पेट्या उचलल्या, तर वरची पेटी हातात आणि संत्री खाली प्लॅटफॉर्मवर! तळाच्या फळ्या आतून पोखरलेल्या. बाहेरून कागदासारखा पापुद्रा तेवढा शिल्लक. लालाजी ओरडले नाहीत. मोठा व्यापारी ओरडत नसतो. थंडपणे म्हणाले, "सेठ, पेटी तो आ गयी। तला क्या पांढुर्णा में ही रह गया?"

* * *

आता मी काही हातावर हात ठेवून बसणारा नाही. डोकं लावलं. उधई जमिनीतून वर चढते, तर तिला खालीच अडवायची. गॅरेजमधून काळं जळकं ऑईल आणलं आणि पेट्यांची थप्पी लागते तिथं सगळीकडं जाड हात मारला. उधई एक दिसली नाही. मी बाकावर छाती काढून बसलो. गुरुजींना म्हटलं, पाहा, याला म्हणतात विज्ञान.

दुसऱ्या वॅगनीनंतर परत ट्रंककॉल. लालाजींचा तोच थंड आवाज. "सेठ, इस बार तला आया है। लेकिन संतरे से ट्रक की बू आ रही है। अब आप ही बताइए, छिलका उतारूँ या बोनट खोलूँ?"

आणि मग त्यांनी ते वाक्य टाकलं ज्यानं माझी झोप उडाली. श्रावणात बागा पाहायला स्वतः येणार, तेव्हा पेट्याही पाहणार. सुक्या आणि साबूत दिसल्या तर आपलं नातं आहेच. नाही तर नागपूरवाल्याशी बोलणं झालेलं आहे.

* * *

ऑईल बंद. दुसरं डोकं लावलं.

लाकडात जन्म गेल्यावर एवढं तर मला माहीत होतं, की उधई सलई खाते, सेमल, म्हणजे काटेसावर, खाते, आंब्याची फळी तर बिस्किटासारखी खाते, पण पक्क्या सागवानाच्या गाभ्याला तोंड लावत नाही. म्हणून जुन्या सागवानाचे ठोकळे केले आणि त्यांच्यावर पेट्यांची थप्पी उभी केली. पायच सागवानाचे, आता कशी चढशील?

वामनराव म्हणाले, "मधूभाऊ, डोस्कं आहे बाप्पा तुमाले."

पंधरा-वीस दिवसांनी खालची पेटी उचलली, तर तळ गेलेला. ठोकळे पाहिले तर सागवान जसंच्या तसं, एक ओरखडा नाही. फक्त त्याच्यावरून मातीची एक बारीक नळी वर गेलेली, पेन्सिलीएवढी, व्यवस्थित लिंपलेली.

सागवान त्यांनी खाल्लं नव्हतं. जिना म्हणून वापरलं होतं!

* * *

नाकेदार त्या दिवशी ड्युटीवरून सरळ बाकावर आला आणि म्हणाला, की वारूळ काढायचं असेल तर मजूर लावू नका, अस्वल आणा. जंगलातलं एकही वारूळ अस्वलाच्या तावडीतून सुटत नाही. नखांनी वरचा भाग फोडतं, तोंड भोकाला लावतं, आधी जोरात फुंकर मारून माती उडवतं आणि मग आतले किडे ओढून घेतं. तो आवाज लांबपर्यंत जातो.

"कैसा आवाज?" वामनरावांनी विचारलं.

मग त्यानं आपलीच गोष्ट सांगितली. नोकरीला नवीन लागला तेव्हा डोंगराच्या अंगाला गस्तीवर होता. झाडीतून आवाज आला, घर्र, फुर्र, घर्र, फुर्र. जसं ऑईल इंजिन सुरू होता होता बंद पडून राहिलं आहे. याला वाटलं, चोरांनी इंजिनवर चालणारा आरा आणला. प्रमोशन समोर दिसायला लागलं. पावतीबुक काढलं, टोपी नीट केली, झाडाआडून दबकत गेला आणि एकदम पुढं उडी मारून ओरडला, "हाथ ऊपर!"

झुडपामागून अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. हात वर.

"उसने तो कानून मान लिया," नाकेदार म्हणाला, "भागा मैं।"

* * *

वामनरावांची उधईशी वेगळीच दुश्मनी. त्यांच्या मोठ्या झाडांच्या बुंध्यांवर ती मातीचं प्लास्टर चढवायची. वामनराव रोज सकाळी हातात काडी घेऊन ते प्लास्टर खरवडत बागभर फिरत आणि जाताना तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एका रविवारी गुरुजी बागेत गेले. त्यांनी प्लास्टर हळूच काढलं आणि खालची साल नखानं दाखवली. वरची मेलेली, सुकलेली साल तेवढी खाल्लेली. खालची जिवंत साल हिरवीगार.

वामनरावांनी हातातल्या काडीनं साल टोचून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे हे न्हाव्याचं काम करून राह्यले."

गुरुजी खूश झाले, की चला, एकाला तरी पटलं. तेवढ्यात वामनराव पुढं म्हणाले, "पण गुरुजी, उन्हाळ्यात कलम लहान असलं ना, तर हाच न्हावी गळा बी कापते."

गुरुजींना तेही मान्य करावं लागलं. आमच्या बाकावर कोणी पूर्ण जिंकत नसे. म्हणून तर बाक टिकला. म्हणजे, टिकला असं आम्हाला वाटत होतं. ते पुढं येतं.

* * *

उन्हाळा लागला. श्रावण जवळ यायला लागला. पावसात पेट्या सुक्या ठेवायला शेड पाहिजे होती, पण जागा एकच, मध्यभागी, आणि तिथं वारूळ. मिस्त्री म्हणे, पहिले हे काढा. ठोकणारी माणसं म्हणत, पेट्या यानंच खाल्ल्या. मीही मनातून त्याच मताचा होतो. एवढा मोठा किल्ला समोर उभा असताना चोर दुसरीकडं कशाला शोधायचा?

गुरुजींनी मात्र हरकत घेतली. म्हणाले, पुरावा पाहिल्याशिवाय फाशी नाही. दुसऱ्या दिवशी औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या घेऊन आले आणि बाकावर खटला उभा राहिला. वामनराव न्यायाधीश. नाकेदार पोलीस. मी फिर्यादी. कमल चहा द्यायच्या निमित्तानं येऊन दाराशी उभी राहिली, म्हणजे आरोपीची वकील कोण हे न सांगता कळलं.

पहिल्या बाटलीत वारुळातली उधई. त्यातला शिपाई जाड, गोल डोक्याचा. दुसऱ्या बाटलीत माझ्या पेटीच्या तळातून काढलेली. तिचा शिपाई लांबट, चौकोनी डोक्याचा, रंगानं पिवळा. तिसरी गुरुजींनी सौंसरच्या चराईच्या माळावरून, एका बुटक्या वारुळातून आणली होती. त्या शिपायाला तर चक्क टोकदार सोंड, आणि त्या सोंडेतून तो मुंगीवर चीक उडवतो म्हणे.

गुरुजी म्हणाले, उधई ही एक जात नाही. कितीतरी जाती आहेत. कोणी वारूळ बांधतं, कोणी बांधतच नाही, लाकडात नाही तर जमिनीखाली गुपचूप राहतं. कोणी गवत खातं, कोणी पालापाचोळा, कोणी नुसतं लाकूड. वारूळवाले काही साधू नाहीत, पडलेलं लाकूड तेही खातात, पण त्यांचं मुख्य काम म्हणजे माळावरचं वाळलेलं सगळं गोळा करून त्याची माती करणं. "नाही तर मधूभाऊ, सगळ्या रानात गुडघ्याएवढा कचरा साचला असता. पेट्या यांनी नाही खाल्ल्या. डोकी जुळवून पाहा."

मी चष्मा लावून पाहिलं, वामनरावांनी पाहिलं, नाकेदारानं बाटली उलटी धरून पाहिलं. डोकी जुळत नव्हती.

वामनराव खाकरले. "मधूभाऊ, गावात चोरी झाली तं तुमी ज्याचं घर उंच त्याच्या घरी पोलीस धाडता का? वारूळ निर्दोष हाये."

आणि निकाल पक्का करायला त्यांनी बाकावर हात आपटला.

बाक बसला. म्हणजे अक्षरशः खाली बसला. मधोमध मोडला आणि न्यायाधीश, पोलीस, फिर्यादी सगळे जमिनीवर. फळीच्या आतून पिवळ्या, चौकोनी डोक्याची फौज बाहेर पडून राहिली होती. आम्ही वर्षभर चोराच्याच मांडीवर बसून चोराची चर्चा करत होतो!

कमल दारातून म्हणाली, "चहा आणखी देऊ, का आधी उठता?"

* * *

बाकाखालून वाट काढली, तर ती जुन्या उंबऱ्याखाली, तिथून थेट थप्पीखाली. उंबरा काढला, जमीन खणून तिथं औषध मारलं, सलईचे तुकडे जाळले. त्रास थांबला. पण शेडचं काय? वारूळ निर्दोष असलं तरी मध्यभागी होतंच.

तेवढ्यात नवंच संकट आलं. सौंसरला एक साहेब आले होते, बॅडमिंटनचे शौकीन. त्यांना कोणी तरी सांगितलं, की वारुळाची माती कुटून, घोटून घातली तर कोर्ट सिमेंटसारखं होतं. हे खरं आहे. उधई थुंकीनं एक एक कण चिकटवते, ती माती साधी राहत नाही. आता आमच्या वारुळाची कीर्ती साहेबांपर्यंत कोणी पोचवली ते मला ठाऊक आहे, पण वामनराव अजून माझे मित्र आहेत.

एका सकाळी साहेबांचा माणूस बैलगाडी आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन हजर. खरं सांगतो, मला तर सुटल्यासारखं झालं. साहेबांची मर्जी, शेडची जागा मोकळी आणि कमलला सांगायला कारण, एका दगडात सगळंच होत होतं.

कमल घरातून ताट घेऊन आली. वारुळाला हळदकुंकू वाहिलं. मग त्या माणसाकडं वळली आणि त्याच्या हातातल्या सबलीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडून सबलीवर पाणी शिंपडलं आणि हात जोडले.

तो माणूस बोरगावचा, घरी आई-बायको असलेला. तो सबलीकडं पाही, वारुळाकडं पाही. पूजलेली सब्बल पूजलेल्या वारुळात कशी घालावी?

"काकू, आता मी याचं काय करू?" त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"घरी ने. देवघरात ठेव," कमल म्हणाली.

हत्यार घेऊन आला होता, देव घेऊन परत गेला.

साहेबांचं कोर्ट पुढं झालं. वामनरावांना आपल्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, जुनं, ओसाड पडलेलं वारूळ द्यावं लागलं. तोंडाचा दंड म्हणा. कोर्ट असं पक्कं झालं, की साहेबांची बदली झाली तरी ते हललं नाही. आता त्याच्यावर बायका मिरच्या वाळत घालतात. अख्ख्या सौंसरमध्ये इतकी स्वच्छ मिरची कुठं वाळत नाही.

* * *

दर श्रावणात वारुळाभोवती सात्या निघायच्या. शहरात ज्याला मशरूम म्हणतात त्यातलाच हा प्रकार, पण चवीला त्याच्या कितीतरी वर. कडकडून पाऊस झाला, की पांढऱ्या छत्र्या उघडून उभ्या. कमल त्या स्वयंपाकघरात येऊ देत नसे, म्हणून टालातच फळ्यांच्या तुकड्यांवर आमची चूल पेटे. कांदा वामनरावांचा, तिखट नाकेदाराच्या डब्यातलं आणि भाषण गुरुजींचं.

गुरुजी सांगत, की वारुळाच्या आत शेती चालते. हे किडे पालापाचोळा नेतात, चावून त्याचे वाफे करतात आणि त्यावर बुरशी पिकवून खातात. तीच वर आली की आपल्या सात्या. आतली हवा कोंडू नये, ऊन बाधू नये, अशी सगळी बांधणी. हिवाळ्यात आमचा चौकीदार पाठ लावून त्याच्याशीच बसे, कारण ते कोमट असतं.

वामनराव घास तोंडात धरून ऐकत राहिले. "म्हंजे यायची बाग घराच्या आत. न वानर येत, न गारा पडत, न व्यापाऱ्याची वाट पाहा लागत. अन् आपण स्वतःले बागायतदार म्हणून राहिलो."

तेवढ्यात घरातून वाटी आली. निरोप असा, की कमलनं खायला मागितलेलं नाही, फक्त मीठ बरोबर आहे का ते पाहायला पाठवा.

वाटी चांगली मोठी होती.

* * *

आता परत शेडकडं येतो. पाऊस डोक्यावर, लालाजींचं बोलणं कानात. शेवटी मी हात टेकले आणि मिस्त्रीला म्हटलं, वारूळ राहू दे, त्याच्या वरून टिनाचे पत्रे टाक. शेडच्या पोटात वारूळ. दोघांचंही भागलं.

कमल म्हणाली, "नाही चालत. तो छप्पर घेत नाही."

हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही, पण आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. काही देव छप्पर घेत नाहीत. त्यांच्या डोक्यावर कळस नाही, मांडव नाही, फक्त आभाळ. कोणी हौसेनं बांधलंच तर ते टिकत नाही म्हणतात. मी पुष्कळ समजावलं, की अगं, ही शेड पेट्या सुक्या राहाव्या म्हणून आहे. लालाजी गेला तर पेट्या कोणाला विकू, नागोबाला? ती म्हणाली, "तुमी पेट्यायवर टिना टाका. त्याच्यावर नका टाकू. मी कुठं मना करून राहिली?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि ऐन मध्यभागी, वारुळाच्या बरोबर वर, टिनामध्ये बैलगाडीच्या चाकाएवढं भोक ठेवलं.

बाक नवीन आला होता, सागवानाचा. त्याच्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नाकेदार रोज येऊन वर पाही आणि गंभीरपणे सांगे, की सरकारी इमारतीला असं भोक पडायला दहा वर्षं लागतात, सेठनं पहिल्याच दिवशी पाडून घेतलं. वामनराव म्हणाले, "मधूभाऊ, लालाजी आले का त्यायले सांगा, भोक आधीपासून होतं, शेड नंतर आली." गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते वारुळाभोवतीच्या जमिनीतली बारीक बारीक भोकं बोटानं चाचपत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, पाऊस येऊ द्या.

मला मात्र दिवसा टिनाचं भोक दिसे आणि डोळे मिटले की लालाजी.

* * *

आणि लालाजी आले ते नेमके नागपंचमीला.

वर्षात एक दिवस असा आहे, की त्या दिवशी आमच्याकडं कोणी खणत नाही, कापत नाही, खिळा ठोकत नाही. आरा बंद. हातोड्या कोपऱ्यात. माणसं सुट्टीवर. आणि शेडमध्ये गल्लीतल्या सगळ्या बायका ताटं, लाह्या, दूध घेऊन वारुळाभोवती. मोटारीतून उतरलेल्या लालाजींना दिसलं ते हे. ते दारातच थांबले. "सेठ, टाल है कि मंदिर?"

मी पुढं झालो, खुर्ची दिली, चहा सांगितला. ते बसले नाहीत. सरळ थप्पीकडं गेले. मधली पेटी काढायला लावली, उलटी केली आणि तळाच्या प्रत्येक फळीवर अंगठा दाबत गेले. दुसरी पेटी. तिसरी. एकदम खालची. फळ्या खणखणीत, नवीन लाकडाचा वास. बाकावरून तिघं माना लांबवून पाहत होते. लालाजींची मान हळूहळू होकारार्थी हलायला लागली. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात त्यांच्या टोपीवर एक थेंब पडला.

त्यांनी वर पाहिलं. टिनातून आभाळ दिसत होतं, काळं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "यह क्या है?"

मी तोंड उघडलं आणि पाऊस आला. कसा आला विचारू नका. टिनावर त्याचा आवाज असा, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. रस्त्यावर पाहता पाहता तळं झालं, लालाजींची मोटार अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात. आणि भोकातून पाण्याचा लोट, माझ्या मांडीएवढा जाड, सरळ वारुळावर. बायका ताटं छातीशी धरून पेट्यांच्या बाजूला सरकल्या. मी थप्पीचा तळ पाहत राहिलो. आता पाणी तिथं पोचणार आणि लालाजींच्या डोळ्यांदेखत वर्षभराची मेहनत भिजणार. वामनरावांनी डोळे मिटून घेतले होते. मोठ्या तोंडाचा माणूस, पण मित्र होता.

पाणी पडत राहिलं. बराच वेळ पडत राहिलं.

थप्पीपर्यंत ते आलंच नाही. वारुळावरून खाली ओघळे, बुडाशी जमिनीला टेके आणि तिथंच नाहीसं होई. डबकं नाही, धार नाही, चिखल नाही. दोन हातांवर लालाजींचे बूट होते आणि त्या बुटांच्या आसपासचा लाकडाचा भुसा कोरडाच्या कोरडा.

लालाजी पेट्या विसरले. धोतर वर धरून वारुळाला एक चक्कर मारली. मागं पाहिलं, थप्पीखाली वाकून पाहिलं, शेडच्या भिंतीबाहेर डोकावून पाहिलं, की कुठून निघून तर नाही राहिलं. परत आले. पाणी पडतच होतं.

"सेठ," ते म्हणाले, "पानी गया कहाँ?"

गुरुजी उठले. चष्मा सारखा केला. आम्हाला सवयीनं माहीत, आता ते सगळं नीट सांगणार. पण कमलनं मध्येच त्यांच्या हातात लाह्यांचा द्रोण ठेवला आणि नुसतं पाहिलं. गुरुजी लाह्या खायला लागले.

दुसरा द्रोण तिनं लालाजींना दिला. लालाजींनी तो घेतला. मग खाली वाकले, बूट काढून बाजूला ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर तसेच उभे राहिले, टोपी हातात धरून, पाऊस थांबेपर्यंत.

जाताना पेट्यांबद्दल एकच वाक्य बोलले. या वर्षी सगळा माल याच शेडमध्ये ठेवायचा, दुसरीकडं नाही. मी हो म्हटलं. मोटारीचं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि परत वळले.

"और सेठ, सुनो। वह छेद बंद मत करवाना।"